तुमच्या रोलमध्ये नाही

नोकरी सोडून गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची आपल्याकडे रीत आहे. निरोपाला एक शाल, एक नारळ आणि वरिष्ठांची दोन खोटी वाक्यं. जयवंत म्हात्रेला आमच्या कंपनीने शाल दिली नाही. नारळ तेवढा दिला, आणि तो कोणत्या अर्थाने ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. खोटी वाक्यं बोलायची वेळ माझ्यावर आली नाही, याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचा. आजही जातो, आणि आता तर जास्तच जातो. का, ते सांगते.

आगरदांड्याच्या अलीकडे आमचा कोळंबीचा कारखाना आहे. कोळंबी येते, बायका ती सोलतात, निवडतात, मग ती गोठते, खोक्यांत बसते आणि कंटेनरमधून परदेशी जाते. मी डिस्पॅचला. गाडी गेटबाहेर पडायची तर तिचे कागद माझ्या हातून निघतात. म्हात्रे यायच्या आधी आमच्याकडे कॉम्प्युटर चार होते आणि सगळ्या कंपनीचा मिळून पासवर्ड एक. एकवीरा आईचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. थर्माकोलच्या खोक्याच्या झाकणावर मार्करने लिहून तो बर्फाच्या मशीनशेजारी टांगला होता, म्हणजे कुणाला विचारायला नको. सकाळी पहिला येईल त्याने देवीचं नाव टाइप करायचं आणि कामाला लागायचं. कुठली नोंद कुणी केली ते कॉम्प्युटरला कळत नसे, पण आम्हाला कळत असे. निम्मी माणसं एकमेकांची नातेवाईक, लपवणार कोण आणि कुणापासून?

मग परदेशी गिऱ्हाइकाचा एक तपासनीस आला. त्याने सगळा कारखाना पाहिला, मान डोलावली आणि जाता जाता त्या झाकणाचा फोटो काढला. पुढच्या महिन्यात म्हात्रे हजर, कॉम्प्युटरचा प्रशासक म्हणून.

पन्नाशीच्या आतला, काटकुळा, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि गळ्यात स्वतःचं ओळखपत्र. हे ओळखपत्र रविवारी मुरुडच्या बाजारात भाजी घेतानाही गळ्यात असायचं. भाजीवालीला काय त्याची ओळख पटवायची होती, देव जाणे. बोलायचा सगळ्यांशी अहो-जाहो. झाडूवाल्यालाही ‘तुम्ही’, आणि माशांच्या वासाने आत शिरणाऱ्या मांजरालाही ‘बाहेर व्हा’. यात आदर वगैरे काही नव्हता. सगळ्यांना एकाच अंतरावर उभं करायची ती युक्ती होती. मी त्याच्या तोंडावर ‘म्हात्रे साहेब’ म्हणायची आणि पाठ वळली की ‘तो’. इथेही ‘तो’च म्हणणार आहे.

पहिल्या दिवशी त्याने ते झाकण उतरवलं आणि थिनरने पुसलं. सोलणीतली एक बाई कळवळून म्हणाली, “देवीचं नाव पुसलंव?”

“देवीचं नाव पासवर्डला ठेवू नये,” तो म्हणाला. “ते सगळ्यांना माहीत असतं.”

आठवड्याभरात त्याने नवं सॉफ्टवेअर बसवलं आणि प्रत्येकाला एक कार्ड, एक नंबर आणि एक रोल दिला. कार्ड स्क्रीनखाली टेकवायचं, मग ज्याच्या रोलमध्ये जे काम असेल तेवढीच बटणं उजळणार. बाकीची राखाडी. राखाडी बटण दाबलं की लाल अक्षरांत यायचं, ‘ही परवानगी तुमच्या रोलमध्ये नाही.’ रोल हा शब्द आमच्याकडे तोवर सिनेमातच होता. निवडीच्या टेबलावरच्या हिराबाईंनी त्याला विचारलं, “म्हात्रे, मना कंचा रोल दिला? सासूचा नको हां, तो घरी करतेच मी.” सगळा हॉल हसला. म्हात्रे म्हणाला, “कामगार, निवड विभाग.” आणि तो पुढच्या बाईकडे वळला.

बायकांनी त्याचं नाव ठेवलं कुलूप. तो हॉलमध्ये शिरला की एक टोक दुसऱ्या टोकाला सांगायचं, “कुलूप आला गो.”

त्याच्या या कुलपाचा पहिला फटका खुद्द शेठना बसला. शेठ दर गुरुवारी मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरत आणि तिथून गाडीने येत. एकदा त्यांनी माझ्या टेबलाशी बसून एका गाडीचा नंबर बदलायला घेतला. लाल अक्षरं. त्यांनी म्हात्रेला बोलावलं. म्हात्रे हात मागे बांधून म्हणाला, “तुम्ही मालक आहात. डिस्पॅच ऑपरेटर नाही.” शेठ आधी लाल झाले आणि मग, गिऱ्हाइकाचा तपासनीस आठवला असावा, माझी खुर्ची सोडून उठले. मला त्या दिवशी थोडी मजा वाटली हे कबूल करते. ती मजा महिनाभरच टिकली.

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, माणगावला. डिस्पॅचचा रोल आम्हा दोघांना, मला आणि पाटलांना. पाटील त्या दिवशी तापाने घरी. मुंबईच्या बाजारासाठी बर्फात भरलेली ताज्या कोळंबीची गाडी गेटवर उभी आणि पास काढायला कुणी नाही. मी फोनवरून सांगितलं, माझा पासवर्ड घ्या, कुणालाही एक बटण दाबू द्या आणि गाडी सोडा. म्हात्रे म्हणाला, “तुमचा पासवर्ड मला सांगू नका, मला तो बदलावा लागेल.” त्याने फोन ठेवला. दुपारी तो माणूस माणगावच्या दवाखान्यात हजर! मोटारसायकलवरून, हेल्मेटसकट, पाठीला कंपनीचा लॅपटॉप. आईच्या खाटेवर त्याने तो उघडून माझ्यासमोर ठेवला आणि मी पासवर्ड टाइप करेस्तोवर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आईच्या एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्याने तिने त्याला न्याहाळलं आणि मला विचारलं, “वंदे, हा मानूस रुसलाय का गो?”

पास निघाला. त्याने लॅपटॉप मिटला, आईला ‘काळजी घ्या’ म्हटलं आणि पाणीही न पिता गेला. गाडीतल्या बर्फाचं तोवर पाणी झालं होतं, सगळा माल पुन्हा बर्फात घालावा लागला. एका बटणासाठी.

असं का वागता, म्हणून मी एकदा चहाच्या वेळी त्याला सरळ विचारलं. तो पेणकडच्या खारपट्ट्यातला. तिकडे समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालतात आणि बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला ती बंद पाहिजे, ओहोटीला उघडी. त्याचा बाप ती सांभाळायचा. एकदा बाप लग्नाला गेला होता, तेव्हा शेजाऱ्याने मदत म्हणून उघाडी उघडली आणि भरतीची वेळ चुकवली. खारं पाणी भातात शिरलं. “तीन वर्षं काही पिकलं नाही,” म्हात्रे म्हणाला. “शेजारी चांगला माणूस होता. वाईट माणसाने काही केलंच नव्हतं.” एवढं बोलून त्याने कप धुऊन पालथा घातला. गोष्ट खरी असेल, पण मला काही पाझर फुटला नाही. त्याच्या बापाच्या शेतापायी माझ्या गाडीतलं बर्फ का वितळावं?

आता हिराबाईंचं. सगळं पुढचं त्यांच्यावरून झालं.

हिराबाईंना नाक होतं. कोळंबी डोळ्यांना ताजी दिसते तेव्हाही आतून उतरायला लागलेली असते, आणि ते हिराबाईंना टेबलापासून दोन हातांवरून कळायचं. कळलं की त्या सुरीची मूठ ताटावर दोनदा आपटायच्या आणि म्हणायच्या, “थांबा.” अख्खा हॉल थांबायचा. प्रयोगशाळेचा अहवाल संध्याकाळी यायचा आणि दर वेळी तो हिराबाईंच्याच बाजूने असायचा. वीस वर्षांत त्यांचं नाक चुकलं नव्हतं. कोळीवाड्यातल्या बायका बाजारात मासळीचा वाद पडला की हिराबाईंना बोलवायच्या. शाळा दुसरीपर्यंत, पण या नाकावर ती बाई ताठ चालायची.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये लॉट थांबवायचा अधिकार फक्त गुणवत्ता अधिकाऱ्याला. म्हणजे पांढऱ्या कोटातल्या एका मॅडमना, ज्या इमारतीच्या दुसऱ्या टोकाला बसत. हिराबाईंनी ताट आपटलं तरी सरकता पट्टा सरकत राही. मग कुणीतरी धावायचं, मॅडमना आणायचं, तोवर अर्धा लॉट पुढे. मी म्हात्रेशी सहा महिने भांडले. हिराबाईंना तो अधिकार द्या म्हणून. तो एकच विचारायचा, “त्यांची पात्रता?” मी म्हणायची, “नाक.” तो म्हणायचा, “नाक फॉर्मवर लिहिता येत नाही.”

शेवटी शेठनी हो म्हटलं. फॉर्म मी भरला, शेठची सही आणली, म्हात्रेने तो तीन दिवस ठेवून घेतला आणि मंजूर केला. मग त्याने हिराबाईंना सरावाच्या स्क्रीनवर दोन दिवस शिकवलं. कार्ड टेका, लॉट निवडा, लाल बटण दाबा. शिकवण्यात त्याने कसूर केली नाही, तेवढं त्याला द्यायला हवं. हिराबाई बोट साडीला पुसून पुसून दाबत होत्या.

पंधरवड्याने तो दिवस आला. मॅडम अलिबागला गेलेल्या. हिराबाईंना वास आला. त्यांनी कार्ड टेकवलं, लॉट निवडला, बटण दाबलं. लाल अक्षरं आली. त्यांना ती नीट वाचता आली नाहीत, पण आपलं ऐकलं नाही एवढं कळलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. मग त्या सुपरवायझरकडे धावल्या, तो बर्फाच्या खोलीत. त्याला घेऊन येईपर्यंत लॉट गोठणीत जाऊन दुसऱ्या मालात मिसळला होता.

“बटण तुझ्या हातात होतं ना? दाबलं का नाहीस?” सुपरवायझरने विचारलं.

“दाबलं. तीन येला दाबलं.”

“दाबलं असतं तर थांबला असता.”

आणि हेच सगळ्यांनी धरलं. माल परदेशातून नापास झाला. शेठच्या समोरच्या यादीत स्वच्छ लिहिलं होतं, लॉट थांबवण्याचा अधिकार: हिरा पांडुरंग कोळी. अधिकार होता, वापरला नाही. अडाणी बाईच्या हाती यंत्र दिल्यावर दुसरं काय होणार, असं सुपरवायझर मोठ्याने म्हणाला. हिराबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. कोळीवाड्यात बातमी माझ्या आधी पोचली. कामापेक्षा त्यांना लागलं ते वेगळंच. दारात बसून त्या मला म्हणाल्या, “गो वंदे, लोकं म्हनतान हिराचं नाक गेलं. मना वास आलेला. मी दाबलेलं. मना खोटी पाडली.” एवढी मोठी बाई, पदर तोंडावर घेऊन रडली.

मी तडक म्हात्रेच्या खोलीत गेले. “म्हात्रे साहेब, हिराबाईंनी बटण दाबलं होतं का नव्हतं? तुमच्याकडे नोंद असणार.”

“ती नोंद पाहणं तुमच्या रोलमध्ये नाही.”

“म्हणजे नोंद आहे!”

“आहे की नाही, हेही तुमच्या रोलमध्ये नाही.”

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “दार ओढून घ्या.”

पुढच्या गुरुवारी शेठ आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी त्यांना गाडीतून उतरतानाच गाठलं आणि हटून बसले. त्यांनी म्हात्रेला बोलावलं. “त्या बाईने बटण दाबल्याची काही नोंद आहे?”

“आहे,” म्हात्रे म्हणाला. “त्यांनी बटण दाबलं त्याच दिवशी मी तुम्हाला कळवलं आहे. तुमच्या स्क्रीनवर, ‘चुकांची सूचना’ या सदरात.”

शेठनी फोन उघडला. त्या सदरात न वाचलेल्या सूचनांची रीघ लागली होती. त्यांचा अंगठा बराच वेळ सरकत राहिला. मग सापडली. कर्मचारी एकशे एक्याऐंशी, हिरा पांडुरंग कोळी, थांबवण्याचा प्रयत्न तीन वेळा, परवानगी नाकारली. कारण हा अधिकार चुकून कर्मचारी एकशे अठराला दिला गेला आहे. तिचंही नाव हिरा पांडुरंग कोळी. ही दुसरी हिरा खोकी भरायच्या विभागातली. गावात कुणाचा गोंधळ होत नाही, एक थळची हिरा आणि एक राजपुरीची, जिच्या तिच्या माहेरावरून. पण हजेरीपटाला माहेर नसतं, आणि दोघींचे नवरे पांडुरंग.

“तोंडाने का नाही सांगितलंस?” शेठ ओरडले.

“सूचना लेखी द्यायची असा नियम आहे. ती पाहायचा अधिकार फक्त तुम्हाला आहे.”

“आणि चूक कुणाची?”

“माझी,” म्हात्रे म्हणाला.

मला आनंद झाला. उघड, मनापासून आनंद. एक बाई पंधरा दिवस दारात बसून रडत होती आणि हा पठ्ठ्या लेखी सूचना देऊन वरणभात जेवत होता. त्याला शिक्षा झाली पाहिजे असं मी मनात म्हटलं, आणि बाहेर येऊन चार जणांना बोलूनही दाखवलं.

हिराबाईंना आणायला शेठनी स्वतःची गाडी पाठवली. त्या आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, “मी येईन. पन लॉट थांबवायला कुनाचीबी परवानगी नको. होडीवर खडक दिसला तर वरडतो त्याला कुनी विचारतो का, तू तांडेल हाय का खलाशी? सोडताना घाला काय कुलपं घालायची ती.”

मला वाटलं म्हात्रे वाद घालेल. तो भिंतीशी उभा होता. त्याने वही काढली, ते वाक्य लिहून घेतलं आणि दोन दिवसांत सगळं बदललं. आता आमच्याकडे कुठलंही कार्ड टेकवून कुणीही लॉट थांबवू शकतं, पुन्हा सुरू करायला मात्र मॅडमच लागतात. बायकांनी पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून चार वेळा थांबवला, मग कंटाळल्या. उत्तम चाललंय. हे सहा महिने आधी केलं असतं तर, असं मी म्हटलं तेव्हा तो म्हणाला, “सहा महिने आधी हे मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही फक्त एका नावासाठी भांडत होता.” असा माणूस.

गिऱ्हाइकाला चूक कुणाची ते नावासकट कळवायचं होतं. शेठनी म्हात्रेचं नाव कळवलं आणि महिन्याच्या शेवटी त्याला जायला सांगितलं. कागदांच्या फायली माझ्या ताब्यात द्यायच्या होत्या. तो एकेक फाइल पुढे करत होता, मी पानं उलटून सही करत होते. परवानग्यांच्या फाइलमध्ये माझा फॉर्म निघाला. माझं अक्षर. नाव, हिरा पांडुरंग कोळी. कर्मचारी क्रमांक, एकशे अठरा.

मी ते पुन्हा वाचलं. एकशे अठरा. यादीतून पहिली हिरा दिसली तिचा आकडा मी उतरवला होता. दोन हिरा आहेत हे त्या पेणच्या माणसाला ठाऊक नव्हतं. मी इथली. मला ठाऊक होतं.

खाली त्याच्या अक्षरात होतं, ‘नाव व क्रमांक जुळतात. मंजूर.’ आणि त्याखाली नंतरच्या शाईत, ‘याच नावाची दुसरी व्यक्ती आहे का हे पाहिले नाही. चूक प्रशासकाची.’

“हे मी लिहिलंय,” मी म्हटलं.

“हो.”

“मग शेठना का नाही सांगितलंत?”

“फॉर्म भरणं तुमचं काम, तपासणं माझं. भरणारा चुकणार हे धरूनच तपासणारा बसवतात. माझ्या टेबलावरून पुढे गेली ती चूक माझी.” त्याने पेन पुढे केलं. “इथे सही. पूर्ण नाव.”

मी सही केली. तो रागावला असता, टोमणा मारला असता, निदान उपकाराची एक नजर टाकली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं. ‘भरणारा चुकणार हे धरूनच.’ म्हणजे पहिल्या दिवसापासून मी त्याच्या हिशेबी चुकणारच होते, आणि त्याच जोरावर त्याने मला वाचवलं. असलं वाचवणं कुणी मागितलं होतं?

मी कुणाला सांगितलं नाही. आईचे डोळे, माझी नोकरी, कारणं भरपूर होती. खरं कारण हिराबाई. मी शेठशी भांडले म्हणून आपलं नाव राहिलं, असं त्या गावभर सांगत होत्या. सणाला माझ्या घरी त्यांच्याकडून पापलेट यायचं. ते मी खात होते.

म्हात्रे पलीकडे दिघीला कुठल्यातरी कंपनीत लागला असं कानावर आलं. मग या मार्गशीर्षात मी आणि हिराबाई दिवेआगरला एका हळदीला निघालो होतो. आगरदांड्याच्या जेटीवर फेरीबोट लागली होती. लोक साखळीवरून उड्या मारून चढत होते, आणि एकटा म्हात्रे, गळ्यात ओळखपत्र, साखळी काढायची वाट पाहत बाजूला उभा होता. अधिकच वाळलेला. त्याने आम्हाला पाहिलं आणि हिराबाईंना नमस्कार केला.

हिराबाईंनी तोंड फिरवलं. मग त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, “ह्योच ना तो? चूक ह्यानं केली आन् पंधरा दिस मना रडवली. व्हय ना गो वंदे?”

म्हात्रे माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत काही नव्हतं, विनंती नाही आणि धमकीही नाही.

“हो,” मी म्हटलं.

साखळी निघाली. “आधी तुम्ही व्हा,” तो आम्हाला म्हणाला आणि वाटेतून बाजूला झाला. मी त्याच्या पुढून बोटीवर चढले. त्याने एक शब्द बोलायला हवा होता. त्याचा मला त्या क्षणी जितका राग आला, तितका आधी कधीच आला नव्हता.